जेवण नेहमीसारखं

८ जून, शुक्रवार

बायकोला, फुमिएला, आज शहरातल्या दवाखान्यात नेऊन आणलं. रोज झोप किती झाली, भूक किती लागली हे लिहायला डॉक्टरांनी तिला एक छोटी वही दिली आहे. ती लिहीत नाही. म्हणून मीच ही वेगळी वही घेतली. गावची शाळा बंद झाली तेव्हा कपाटातल्या कोऱ्या वह्या गावात वाटून टाकल्या होत्या, त्यातली ही. वर बेडकाचं चित्र आहे. कुणाला दाखवायची नाही.

अठरा वर्षं फुमिए त्या शाळेत स्वयंपाक करत होती. सुरुवातीला चाळीस पोरं, शेवटी सात. गेल्या वर्षी मार्चमध्ये शेवटचं वाढप झालं आणि हिवाळा येईपर्यंत ती घरात अशी बसू लागली की दिवा लावायचंही सुचू नये. फेब्रुवारीत एका सकाळी धक्क्यावर, अगदी पाण्याच्या कडेला, तिच्या सपाता दिसल्या. टाचा जुळवून, जोडीनं ठेवलेल्या. ती बाजूलाच अनवाणी बसली होती. माझ्या मालकांनी, गेनझोआजोबांनी, तिला पाहिलं. आपला कोट तिच्या खांद्यावर टाकून ते म्हणाले, "सूनबाई, चहा कर जरा, गारठलोय." ती उठली. एवढंच झालं. त्यावर मी तिच्याशी आजवर बोललेलो नाही, तीही माझ्याशी नाही.

मार्चपासून उदासीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "अंगात बळ आधी येतं, मनात उजेड नंतर. मधले काही आठवडे नजर ठेवा आणि सगळ्या गोळ्या त्यांच्या हाती देऊ नका." म्हणून डबा माझ्याकडे असतो. त्या गोळीनं ती उठली, हिंडू लागली, पण अर्धीच. मग मे महिन्यात दुसरी आली, लिथियम. डॉक्टर मला म्हणाले, "हामानाकासान, हाही एक क्षारच. तुमच्या समुद्रातसुद्धा कणभर सापडेल." मीठ पिकवणाऱ्या माणसाला आवडावं असंच ते बोलणं होतं. आज रक्त तपासलं. प्रमाण अगदी हवं तेवढं आहे म्हणाले. आता सहा जुलैला पुन्हा.

औषधाच्या दुकानात निशिदेबाई असतात. चाळिशीच्या, बोलण्यात भारी वेगवान. "पाणी भरपूर प्यायचं. हात थोडे थरथरले तर घाबरायचं नाही, फार वाटलं तर फोन करायचा, रात्री-सुट्टीलाही नंबर चालू असतो. आणि जेवणखाण नेहमीसारखंच असू द्या हं." निघताना आमच्याकडे 'अंगाला जपा' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मी वाकून आभार मानले. त्यांनी दिलेला कागद घरी आल्यावर पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. जमिनीचे कागद, आईची शेवटची चिठ्ठी, सगळं तिथंच असतं. तिथली वस्तू कधी हरवत नाही.

१० जून

फुमिए भांडी घासताना गुणगुणली. शाळेत जेवणाआधी पोरं म्हणायची ते गाणं. दोनच ओळी. मी ओसरीत जाळं विणत होतो. हात थांबवला नाही, नाहीतर ती थांबली असती.

१२ जून

आज पहाटे जिझोदेवापुढे मीठ खाणं सोडलं. एकवीस दिवसांसाठी.

लिहितानाही संकोच वाटतो. आमच्या पंथात नवस नसतो. अमिदा बुद्धाकडे मागायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं ते आभारापुरतं. मंदिरात लहानपणापासून हेच ऐकलं. पण आजी मंदिरातून परतताना समुद्राच्या वाटेवरच्या दगडी जिझोपाशी थांबायची, आणि तिथं तिचं वेगळंच बोलणं चालायचं. माझे वडील बोटीसह अकरा दिवस बेपत्ता होते तेव्हा तिनं मीठ सोडलं होतं. वडील परत आले. आजी म्हणायची, जे सगळ्यात जवळचं ते सोडावं आणि कुणापाशी बोलू नये. बोललं की नवसाची वाफ होते.

मी तीस वर्षं मिठागरात आहे. समुद्राचं पाणी खांद्यावर आणायचं, वाळूवर शिंपडायचं, उन्हात वाळवायचं, ती वाळू धुवून दाट खारं पाणी काढायचं आणि काहिलीत आटवायचं. मला याहून जवळचं काय असणार?

सगळं ठीक चाललेलं असताना नवस कशाला, असं कुणी विचारेल. परवाच्या त्या दोन ओळी ऐकल्यापासून मला धड झोप नाही. काही नव्हतं तेव्हा भीतीही नव्हती. आता गमवायला काहीतरी आहे.

१५ जून

घामाच्या धारा लागल्या होत्या. दुपारी डबा उघडला तर भात, उकडलेला भोपळा आणि व्हिनेगरमधली काकडी. गेनझोआजोबांनी मान लांब करून पाहिलं. मिठागराचे मालक तेच. ब्याऐंशी वर्षांचे, तोंडात चार दात, पण जीभ पंचविशीतली.

"भातावरचं खारं आलुबुखार कुठं गेलं रे? बायकोनं टाकलं का तुला?"

"पोट बरं नाही."

"पोट!" ते खोखो हसले. "तुझ्या आजीचंही पोट असंच ठरवून बिघडायचं. अरे, मीठवाल्यानं मीठ सोडलं म्हणजे माशानं पाणी सोडलं!"

मग आपल्या डब्याकडे वळले. त्यांना कळलं. मी सांगितलं नाही, त्यांना आपोआप कळलं, म्हणजे नवस मोडला नाही.

फुमिएला मी एवढंच म्हटलं होतं की काही दिवस मला मीठ चालणार नाही. तिनं कारण विचारलं नाही. आज पाहतो तर सोयाबीनच्या खाऱ्या मिसोचं सार केलेलंच नाही आणि सोया सॉसची बाटली वरच्या फळीवर. खारवलेल्या मुळ्याच्या बरणीवर दगड ठेवलेला.

"तुझ्यापुरतं तरी कर," मी म्हटलं.

"दोन माणसांत दोन पातेली कुठं करायची?" ती म्हणाली. "आणि अठरा वर्षांत मी चव न घेता पोरांना कधी वाढलं नाही. तुम्हाला जे वाढते ते मी नको खायला?"

तिलाही कळलंय. नवस आता दोघांचा झाला. संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे नाम घेताना वाटलं, इतकी जवळीक आमच्यात किती वर्षांनी आली.

२१ जून

अळणी जेवणाचं आश्चर्य वाटतं. भाताला इतकी गोडी असते हे मला माहीतच नव्हतं. फुमिए तिळाचं कूट, लिंबू, आलं असं काही ना काही रचत असते. पुन्हा स्वयंपाकीण झाली आहे. "मुख्याध्यापकांना वाढलं असतं तर पळून गेले असते," म्हणाली आणि हसली.

पाणी फार पिते. बाईंनी सांगितलंच होतं भरपूर प्यायला.

२६ जून

सुईत दोरा ओवताना तिचा हात हलत होता. मीच ओवून दिला. थरथरले तर घाबरायचं नाही, हेही बाईंनी सांगितलेलं आहे. घाबरलो नाही.

३ जुलै

एकवीस दिवस झाले. पहाटे जिझोकडे गेलो ते नवस फेडायला. फुलं वाहिली, पण घरी येऊन मीठ तोंडाला लावायचा धीर झाला नाही.

कारण चार दिवस फुमिए पुन्हा मंदावली आहे. पोट बिघडलंय, जेवण नको वाटतं. काल दुपारी ती नुसती ओट्याला टेकून उभी होती. मी "काय गं" म्हटलं तर किती वेळानं माझ्याकडे पाहिलं. फेब्रुवारीसारखं नाही हे, वेगळं आहे. पण कसं वेगळं ते मला सांगता येत नाही.

म्हणजे एकवीस दिवस पुरले नाहीत. परत जिझोकडे गेलो आणि पितरांच्या दिवसांपर्यंत, ऑगस्टच्या मध्यापर्यंत, वाढवून आलो. घरी सांगावं लागलं नाही. संध्याकाळी पान अळणीच होतं.

६ जुलै

कालपासून पाऊस कोसळतोय. वळणावर दरड आली, शहराचा रस्ता बंद. आजची रक्ताची तपासणी हुकली. दवाखान्यातून फोन आला, वीस तारखेला या.

दुपारी निशिदेबाईंचा फोन.

"चौदा दिवसांच्या गोळ्या टपालानं पाठवते, रस्ता सुरू झाला की मिळतील. तोवर आहेत ना?"

"चार दिवसांच्या आहेत."

"हात थरथरतात?"

"थोडे."

"पाणी पितात?"

"भरपूर."

"आणि जेवण?"

"नेहमीसारखं," मी म्हणालो. "तुमच्या कृपेनं."

खोटं बोलायची मला सवय नाही. पण हे खोटं म्हणता येईल का? 'जेवलात का' म्हटलं की माणूस 'हो' म्हणतो, ताटात काय होतं ते सांगत बसत नाही. आणि नवस तर बोलायचाच नसतो.

११ जुलै

पाऊस गेला आणि आता ऊन असं पडलंय की वाळू अर्ध्या दिवसात वाळते. गेनझोआजोबा खूश आहेत. गोळ्या टपालानं आल्या.

फुमिएच्या हातातून वाटी पडली. फुटली नाही, घरंगळत गेली. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत राहिलो. मग ती म्हणाली, "लाकडाची होती म्हणून वाचली," आणि ते वाक्य तिच्या तोंडातून जरा उशिरा आलं.

१३ जुलै

मला पायांत गोळे येतात. आज पाण्याची कावड घेऊन चढताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी वाळूवर बसलो. ओठांवरून घाम चाटला तर त्याला चवच नव्हती. माझा घामसुद्धा अळणी झाला.

गेनझोआजोबा मुठीत मीठ घेऊन आले. "आ कर."

मी मान हलवली.

"आ कर म्हणतो! माझ्या आगरात मेलास तर मला पोलीस विचारतील!"

"पितरांच्या दिवसांपर्यंत, आजोबा. फुमिएसाठी."

बोलून गेलो. त्यांनी मूठ खाली केली नाही.

"गाढवा, देवाला तुझं चिमूटभर मीठ कशाला हवंय? त्याच्यापुढे अख्खा समुद्र पसरलाय!" मग हळू आवाजात म्हणाले, "आणि ती कशी आहे? काल मंदिराच्या पायऱ्यांवर पाहिली. नावेतून उतरल्यासारखी चालत होती."

मी सगळं सांगितलं. म्हणजे हात, वाटी, पोट. जेवणाचं सांगायचं सुचलं नाही.

"गोळ्या," ते म्हणाले. "दुसरं काय असणार? चांगलं माणूस गोळ्यांनी असं होतं. टाक त्या समुद्रात आणि माशांना येऊ दे झोप."

दिवसभर तेच डोक्यात होतं. डबा माझ्या हातात आहे. रोज मीच गोळी देतो, मीच पाण्याचा पेला धरतो. ही गोळीच तिला असं करत असेल तर? आणि गोळीच तिला धरून असेल तर?

संध्याकाळी गोळी तळहातावर घेऊन मी बराच वेळ देव्हाऱ्यापुढे बसलो. फुमिए मागून आली. दाराला धरून उभी राहिली.

"देणार नाही?"

"आजोबा म्हणतात..."

"आजोबांना धक्क्यावरचं दिसलं," ती म्हणाली. "त्याच्या आधीचं नाही दिसलं. मी परत तिथं जाणार नाही. द्या."

पाच महिन्यांत तो विषय पहिल्यांदा निघाला. मी गोळी दिली. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला तरी पाणी सांडलं.

१४ जुलै, शनिवार

सोमवारी समुद्र दिनाची सुट्टी, म्हणजे दवाखाना तीन दिवस बंद.

तिला दोनदा उलटी झाली. बोलणं जड झालंय, जिभेखाली काही ठेवल्यासारखं. मी जिझोकडे तीन वेळा गेलो. आजी म्हणायची, दुखणं निघताना घर हलवून जातं. ते हे असेल का? असावं.

हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. माझा त्यावर विश्वास बसत नाही.

१६ जुलै, सोमवार. जिल्हा रुग्णालय

कालचं आज लिहितोय. बाकावर बसून, मांडीवर वही ठेवून.

काल सकाळी फुमिए अंथरुणातून उठेना. हाक मारली तर डोळे उघडे, पण माझ्याकडे बघायला वेळ लागे. हाताची बोटं आपोआप उडत होती. मी म्हटलं, "आज काय वार?" ती म्हणाली, "पोरांचा भात लावायचाय." मी फोनकडे धावलो.

औषधाच्या पाकिटावर निशिदेबाईंचा नंबर होता. दुसऱ्याच रिंगला त्यांनी उचलला. मागे कुठंतरी टीव्ही चालू होता.

मी सांगत गेलो. टीव्ही बंद झाला.

"उलटी कधीपासून? चालता येतं का? लघवी होते? कुठली दुखण्याची गोळी घेतली का, गुडघ्यासाठी, कंबरेसाठी?"

"नाही."

"जेवण कसं आहे?"

"नेह..." माझ्या तोंडात शब्द आला होता. नेहमीसारखं. समोर फुमिए पडलेली, आणि तिच्या डोक्याशी अळणी पेजेची वाटी. बोललं की नवसाची वाफ होते. होऊ दे.

"मी मीठ सोडलंय," मी म्हणालो. "तिच्यासाठी नवस केलाय. अजिबात मीठ नाही, सोया सॉस नाही, मिसो नाही."

"तुम्ही सोडलंय. आणि त्या?"

"तीही. माझ्याबरोबर."

मग बाई इतक्या सावकाश बोलल्या की मला त्यांचा आवाज ओळखू येईना. "कधीपासून?"

मी ही वही उघडली. पंधरा जून. माझ्याच अक्षरात. बाटली वरच्या फळीवर, बरणीवर दगड. नवस आता दोघांचा झाला, तेही लिहिलेलं.

"हामानाकासान, नीट ऐका. आता लिथियम द्यायचं नाही. आजची गोळी दिली?"

"नाही अजून."

"देऊ नका. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं लिथियमला मीठ समजून धरून ठेवतात, बाहेर सोडत नाहीत. ते साठत जातं. रुग्णवाहिका बोलवा, आत्ता. मीही रुग्णालयात कळवते."

"मी मीठ देतो तिला. घरात पोतं आहे. पाण्यात कालवून..."

"नाही!" त्या ओरडल्या. "जागी नाही नीट, घशात अडकेल. तुम्ही काहीही करायचं नाही. कुशीवर वळवा, हात धरा आणि गाडीची वाट बघा. ते करता येईल?"

मी ते केलं. गाडी यायला तेवीस मिनिटं लागली. नाम घ्यायला गेलो तर ओठ हलेनात. नुसता हात धरून बसलो.

इथे आल्यावर रक्त तपासलं. असायला हवं त्याच्या दुपटीहून वर. तरुण डॉक्टर विचारत राहिले, थरथर केव्हा सुरू झाली, पोट केव्हा बिघडलं, तोल केव्हा गेला. माझ्या तोंडातून तारखा येईनात. शेवटी मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याउभ्या पानं उलटली. धक्का, सपाता, नवस, सगळं वाचलं असणार. वही परत देताना दोन्ही हातांनी दिली.

"या तारखांचा फार उपयोग झाला," म्हणाले.

तिच्या हाताला नळी लावली आहे. परिचारिकेला विचारलं, बाटलीत काय आहे.

"पाणी आणि मीठ," ती म्हणाली. "एवढंच."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

१७ जुलै

प्रमाण थोडं उतरलं. नाही उतरलं असतं तर यंत्रावर रक्त धुवावं लागलं असतं, तयारी ठेवली होती. ती अजून गुंगीत आहे. बोटं कमी उडतात. बाटलीतून थेंब पडतो तो मोजायचा नाही असं ठरवलं आहे, पण नजर तिथंच जाते.

गेनझोआजोबा बसनं आले. दोन बस बदलून, ब्याऐंशीव्या वर्षी. पिशवी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले.

"मी समुद्रात टाक म्हणालो होतो," शेवटी म्हणाले.

"मी कुठं टाकल्या?"

"टाकल्या असत्यास तर?"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तशा अवस्थेत लिथियमचा पुढचा डोस थांबवून लगेच फोन करणं बरोबर होतं. पण घरच्या घरी सगळीच औषधं बंद करून गप्प बसणं वाईट. उदासीची गोळी एकदम तोडली तर तिचे वेगळे हाल होतात, आणि मूळ दुखणं परत येऊ शकतं ते निराळंच. "औषध खोटं नव्हतं," म्हणाले. "फक्त त्याला तुमच्या ताटात काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही."

आजोबांनी पिशवीतून भाताचे दोन गोळे काढले. आत आलुबुखार होतं. "आता तरी आ कर," म्हणाले.

मी हातात धरून ठेवला. खाता आला नाही. नवस मोडला म्हणून तिचं काही झालं तर? डोकं म्हणत होतं, अरे मूर्खा. हात ऐकत नव्हता.

१८ जुलै

कपडे आणायला घरी आलो. देव्हाऱ्याखालचा खण उघडला. कागद अगदी सुरक्षित होता, घडीसुद्धा न मोडलेला. चौथी ओळ: आहारातील मिठाचे प्रमाण अचानक कमी करू नये.

आईची चिठ्ठी त्याच्या शेजारीच होती, तितकीच जपलेली.

२० जुलै

फुमिएनं मला ओळखलं. पहिलं वाक्य, "तुमचे गाल किती बसलेत." दुसरं, "बरणीतला मुळा खराब झाला असेल."

वही मी तिला दिली. दाखवायची नाही असं ठरवलं होतं, पण परक्या डॉक्टरनं वाचली आणि तिनं नाही, हे काही बरं नव्हे. ती दुपारभर वाचत होती. ओळीवर बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी.

"मला वाटलं होतं, नवसाचं तुम्हाला बोलायचं नाही म्हणून मीही बोलू नये," म्हणाली.

"मला तेच."

"फेब्रुवारीत परत घरी येणार होते की नाही, मला खरंच माहीत नव्हतं. सपाता नीट ठेवल्या कारण तशी सवय आहे." मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "हे तुम्ही विचारायला हवं होतं. आणि मी सांगायला."

मी हो म्हणालो.

१ ऑगस्ट

काल घरी आणलं. लिथियम पुन्हा सुरू होणार आहे, पहिल्यापेक्षा कमी, दर आठवड्याला रक्त तपासून. मला नको होतं. फुमिएला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, दोघांचं ऐकतो, पण गोळी त्यांना घ्यायची आहे.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून मिसोचा वास आला. दीड महिन्यानंतर. ती पळी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. हात अजून किंचित हलत होता, सार काठावर डुचमळत होतं.

"चाखा."

"पितरांच्या दिवसांपर्यंत बोललोय मी."

"तुम्ही जिझोसाठी सोडलंत," ती म्हणाली. "मी काही जिझोसाठी सोडलं नव्हतं. तुम्ही एकटे अळणी खाताय ते बघवेना म्हणून सोडलं. आता मला सांगितलंय नेहमीसारखं खायला. मी एकटी कशी खाऊ?"

मी पळीला तोंड लावलं. जीभ पोळली. इतकं खारं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या हाताला सार कधीच जास्त खारट झालेलं नाही.

आज पहाटे जिझोकडे जाऊन सांगून आलो की मला जमलं नाही. फुलं ठेवली. तो नेहमीसारखाच हसत होता. मंदिरात जाऊन नाम घेतलं. मागितलं काही नाही.

२१ ऑगस्ट

पितर येऊन गेले. रक्ताचं प्रमाण ठीक आहे. फुमिए आठवड्यातून दोनदा मंदिराच्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्यांसाठी जेवण करायला जाते. परवा ओट्याशी उभी असताना थकून रडली. काल नाही रडली. आज गुणगुणली, दोन नाही, चार ओळी. मी ओसरीतून सरळ उठून गेलो आणि तिच्याजवळ उभा राहिलो. ती थांबली नाही.

संध्याकाळी निशिदेबाईंचा फोन. दर मंगळवारी करतात.

"हात?"

"बारीक थरथर, सुई ओवताना. एरवी नाही."

"पाणी?"

"दिवसाला सहा-सात पेले."

"आणि जेवण?"

मी वही उघडली. "सकाळी भात, मिसोचं सार एक वाटी, खारवलेला मुळा चार फोडी. दुपारी गार शेवया, सोया सॉसच्या सारात बुडवून, आणि भाजलेला बांगडा अर्धा, मीठ लावलेला. आता रात्री टोफू, वांगं, सार पुन्हा एक वाटी, आणि खारं आलुबुखार एक."

बाई लिहून घेत होत्या. पेनाचा आवाज येत होता.

"दोन!" आतून फुमिए ओरडली. "दोन खाल्ली मी! बाईंना खोटं सांगू नका."